पाठकोरा

“यात लिहून घेणार मीच का?” शालननं विचारलं.

मी टाइपरायटरच्या फितीला बसलेली गाठ सोडवत होतो. बोटं शाईनं काळी झाली होती. विट्याच्या तहसील कचेरीमागे, पत्र्याच्या शेडखाली, चैत्रातल्या भर दुपारी माणसाचं डोकं धड चालत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. सबब म्हणून नाही. पण सांगून ठेवतो.

“म्हणजे?” मी म्हणालो.

“हे बघा, इथं वर. लिहून देणार, निवृत्ती गणपत साळुंखे. लिहून घेणार, शालन ज्ञानू बाबर. मी काय नुसती घेणारच आहे का?”

मला हसू आलं. तेवीस वर्षं मी त्या शेडमध्ये दस्त लिहीत होतो. वाटण्या, बक्षीसपत्रं, कबुलायती, भाडेपट्टे. अख्ख्या तालुक्यात मला निवृत्ती म्हणून कुणी ओळखत नसे, सगळे ‘रायटर’ म्हणत. आणि दस्ताच्या माथ्यावर एक लिहून देणार असतो, एक लिहून घेणार. देवळात शिरताना चपला काढतात तसं ते मला वाटायचं. त्यावर प्रश्न विचारायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

“तसाच नमुना असतो,” मी म्हणालो. “तुम्ही मागितलं, मी लिहून देतोय. म्हणून मी देणार, तुम्ही घेणार.”

“मी पण देतेय की.”

“काय?”

तिनं पिशवीत हात घातला.

पुढचं सांगण्याआधी थोडं मागचं सांगायला हवं. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि बिनलग्नाचा. वडील लवकर गेले, दोन भावांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, मग आईचं आजारपण, असं करता करता माझं राहूनच गेलं. नाव निवृत्ती, त्यामुळं लोकांना विनोद करायला आयतंच सापडलं होतं. आई गेल्यावर दोन वर्षांनी काशिनाथ मास्तरांनी तासगावचं स्थळ आणलं. मास्तर माझे शाळेतले शिक्षक. त्यांच्या शब्दाला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

“घटस्फोट झालेली आहे,” ते म्हणाले. “अडतीस वय. शिवणक्लास चालवते. एक म्हातारी आत्या आहे पदरात. मुलगी सरळ आहे, पण मऊ नाही. चालेल का बघ.”

पहिल्यांदा भेटलो ते मास्तरांच्याच घरी. चहा पिऊन झाला. मास्तर उगीच बागेतल्या झाडांना पाणी घालायला गेले. मी काय बोलावं ते सुचेना, म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. तीच म्हणाली, “जेवता कुठं?”

“खोलीवरच. सकाळी करतो, तेच संध्याकाळी.”

“मग बरोबर कोण?”

“कोण असणार? रेडिओ लावतो.”

“गाण्यांची आवड आहे?”

“नाही. शेतीचा कार्यक्रम लागतो, बाजारभाव लागतात. कुणीतरी बोलत असावं म्हणून लावतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. घरी जाताना मी उगाचच दोन बसथांबे पायी चाललो.

दुसऱ्या भेटीत तिनं कागदाचं काढलं.

“लग्नाआधी आपण एक कागद करू. तुम्ही रायटरच आहात, तुम्हाला काही अवघड नाही.”

“कसला कागद?”

“माझं शिवणाचं मशीन माझंच राहील. आत्या माझ्याबरोबर राहील, तिला दुसरीकडं धाडायचं नाही. आणि समजा नाहीच जमलं, तर मी मशीन आणि आत्या घेऊन सरळ निघेन, आणि तुम्ही माघारी गावात माझ्याबद्दल वंगाळ बोलायचं नाही. तुम्हाला पण काही हवं असेल तर तेही लिहू.”

मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, पण पुरुषमाणसाला वाईट वाटलं की तो राग आला असंच म्हणतो.

“माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“तुम्ही लोकांना काय सांगता? कचेरीसमोरच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलं मला. रायटर सख्ख्या भावांनाही म्हणतात, तोंडी ठेवू नका, लिहून ठेवा.”

“ते जमिनीचं असतं.”

“मग माणसाचं तर जास्तच लिहायला हवं.” तिनं पदर सारखा केला. “पहिल्या लग्नात याद्या झाल्या होत्या. कुणाला केवढा फेटा, कुणाला कसलं लुगडं, वरमाईच्या मानाची पैठणी, सगळं लिहिलं होतं. कागदाला हळदीकुंकू लावून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्यात फक्त मशीन नव्हतं, कारण ते वडलांनी मागनं हौसेनं दिलं. सहा वर्षांनी मी निघाले तर सासरे दारात आडवे. म्हणाले, मशीन यादीत न्हाय. अंगावरच्या लुगड्यानिशी आले मी, आत्ताचं मशीन मागनं माझ्या पैशानं घेतलं. नंतर बसून विचार केला, फेट्याचा रंगसुद्धा लिहिला होता आणि बाईनं त्या घरात राहायचं कसं ते कुठंच नव्हतं.”

तरी मी कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलाला विचारून आलो. तो हसला. “असले करार आपल्याकडं कोर्टात फारसे टिकत नाहीत, रायटर. पण बायको खूश होत असेल तर लिहून टाका.” ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता सोडून देईल.

“कोर्टासाठी नकोच आहे मला,” ती म्हणाली. “बोलायचं राहून जाऊ नये म्हणून पाहिजे. लग्नानंतर कोण विचारतं? आत्ताच काय ते तोंडातनं निघतं.”

मी मग कागद लिहिला. मन लावून लिहिला. ‘कारणे करारपत्र लिहून देतो ऐसा जे की’ अशी सुरुवात केली, मशीन लिहिलं, आत्या लिहिली, वंगाळ बोलण्याचंही लिहिलं, तेही ‘बदनामीकारक वक्तव्य’ असं घालून. टाइप करताना मला माझाच मोठेपणा जाणवत होता. असलं कोण लिहून देतं? मी देत होतो. तिनं फक्त येऊन सही करायची होती.

ती आली, आणि पहिली ओळ वाचून तिथंच थांबली.

तर त्या दुपारी तिनं पिशवीतून एक फुलस्केप काढला. चार घड्या घातलेला. एकाच बाजूला लिहिलेला, निळ्या शाईत. शिवणक्लासच्या वहीत असतं तसं गोल, ठसठशीत अक्षर. टेबलावर ठेवून तिनं तो दोन्ही हातांनी सपाट केला.

“माझी बाजू लिहून आणलीय. हे पण त्यात घाला. म्हणजे तुम्ही पण देणार, मी पण देणार.”

वर लिहिलं होतं, ‘लिहून देणार, शालन ज्ञानू बाबर’. खाली आकडे घालून ओळी. मी पहिली वाचली. क्लास दुपारी दोन ते पाच, त्यापुढं मशीनचा आवाज घरात होणार नाही, असं काहीतरी होतं.

“हे कागदात बसत नाही हो,” मी म्हणालो.

“का?”

“मशीनच्या आवाजाचा करार कुणी करतं का? दस्त हा दस्तासारखा दिसायला पाहिजे. लोक हसतील.”

“लोकांना कशाला दाखवायचा?”

“दोघंही लिहून देणार म्हटल्यावर घेणार कोण? कुणीतरी घेणारा लागतोच.”

दोघंही लिहून देणार असा मसुदा सहज होतो. मला तेव्हाही माहीत होतं. पुढच्या वर्षांत मी तसे कितीतरी केले. पण त्या वेळी माझा नमुना कुणीतरी मोडायला निघालं होतं आणि तेही माझ्याच टेबलावर.

तेवढ्यात आळसंदचे मोहिते तात्या घाम पुसत आले. विहिरीच्या पाळीपाण्याचा करार करायचा होता त्यांना, धाकट्या भावाशी.

“वो रायटर, आधी माझं लिवा. एकची एसटी गेली तर चारपतूर गाडी न्हाई. पैलं चार दिस पानी माझं, मागनं चार दिस त्येचं. मोटर दोघांची. घ्या लिवून.”

“बसा तात्या. कच्चा खर्डा करतो, पक्का उद्या.”

खर्ड्याला मी नेहमी पाठकोरे कागद वापरायचो. एका बाजूला लिहिलेले, पाठीमागं कोरे. चांगला कागद खर्ड्याला वाया घालवायचा नाही, ही माझी शिस्त. चुकलेल्या मजकुरावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा ओढायच्या, मध्ये ‘रद्द’ लिहायचं आणि कागद उलटा करायचा. तेवीस वर्षांत हाताला त्याची इतकी सवय झाली होती की डोकं दुसरीकडं असलं तरी हात आपलं काम करायचे.

समोर जो कागद होता तो मी ओढला. दोन रेघा मारल्या. रद्द लिहिलं. उलटा केला आणि तात्यांचं लिहायला लागलो.

“विहीर कुठल्या गटात?”

तात्या सांगत होते. मी लिहीत होतो. थोड्या वेळानं शालन उठली.

“येते मी.”

“बसा की,” मी मान वर न करता म्हणालो. “चहा सांगतो. तात्यांचं झालं की सही करून टाकू.”

“नको. आत्याला औषध द्यायचंय.”

ती गेली. तात्यांना एकची गाडी मिळाली. मी खर्डा त्यांच्या फाईलमध्ये लावला, फितीची गाठ सोडवली, आणि डबा उघडून जेवलो. मनात म्हणालो, पुढच्या मंगळवारी येईल.

मंगळवारी ती आली नाही. त्या गुरुवारी मास्तर आले, छत्री टेकत.

“ती नको म्हणते, निवृत्ती.”

“का?”

“कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, रायटरनं माझा कागद रद्द केला.”

“मी? मास्तर, हा बघा कागद! टाइप करून, स्टँपवर घेऊन, तारीख टाकून ठेवलाय. तिची सही तेवढी राहिलीय. रद्द कुठं केलाय? तिला सांगा, कागद तयार आहे म्हणावं.”

मास्तरांनी निरोप पोचवला. उत्तर आलं नाही. मग मी चारचौघांत बोलायला लागलो. एवढं सगळं लिहून दिलं, नमुना सोडून तिच्या अटी घातल्या, तरी बाईसाहेबांना पटेना. ऐकणारे मान हलवायचे. लग्न मोडल्यावर माघारी तिच्याबद्दल वंगाळ बोलायचं नाही, हे मी स्वतः टाइप केलं होतं. लग्न व्हायच्या आधीच मी ते कलम मोडून बसलो होतो, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीनंतर मोहिते तात्या पुन्हा आले. भावाशी बिनसलं होतं.

“त्यो म्हंतोय पाच दिसाची पाळी ठरली हुती. पक्क्यात चार हाय, तर म्हंतोय रायटरनं टाइप करताना चुकीवलं. तुमचा तो हातानं लिवलेला काडा.”

मी फाईल काढली. खर्ड्यातही चारच होते. तात्या खूश झाले, त्यांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि मग उलटा केला.

“ह्ये काय वो? ह्ये बी माझंच हाय का?”

निळी शाई होती. गोल अक्षर. त्यावर माझ्या दोन तिरक्या रेघा, आणि मध्ये माझ्याच हातचं ‘रद्द’.

तात्या गेल्यावर मी शेडचा पडदा खाली सोडला आणि तो वाचला.

‘लिहून देणार, शालन ज्ञानू बाबर.

१. क्लास दुपारी दोन ते पाच. त्यापुढे मशीनचा आवाज घरात होणार नाही.

२. तुमच्या कागदांना हात लावणार नाही. आवरून पण ठेवणार नाही.

३. तुमची आणि पहिल्या घराची तुलना तोंडातून काढणार नाही, रागातसुद्धा.

४. जेवताना तुम्हाला एकट्याला बसावे लागणार नाही. मला भूक नसली तरी मी ताटापाशी बसेन. रेडिओ लावायचा तर हौसेने लावावा.

५. तुम्हाला आणखी काय हवे ते तुम्हाला विचारून लिहायचे आहे.’

पाचव्या कलमाखाली तिनं चार ओळींची जागा सोडली होती. माझी दुसरी रेघ नेमकी त्या जागेवर येऊन संपत होती.

आई गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो, तेव्हा पाहुण्यांच्या चहापाण्याचं बघायचं होतं. त्या दिवशी बघायला काहीच नव्हतं.

आठ दिवस मी नवा कागद करत होतो. चार वेळा फाडला. शेवटी जमला. माथ्यावर दोनच नावं आणि दोन्हींपुढं ‘लिहून देणार’. तिची पाचही कलमं तिच्याच शब्दांत घातली, ‘ऐसा जे की’ वगैरे काही न लावता. पाचव्यापुढं लिहिलं, ‘मला जे हवे ते चौथ्यात आले आहे.’ तो घेऊन मी तासगावची एसटी पकडली.

पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पायाचं मशीन, भिंतीवर ब्लाउजच्या मापांच्या कागदी कापांची माळ, कोपऱ्यात बाजेवर आत्या. शालननं दार उघडलं. दचकली नाही.

“या,” ती म्हणाली. “उन्हाचं आलात.”

मी तिला कागद दिला. ती खाली बसली आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. माथ्यापासून तारखेपर्यंत. मग तिनं कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. तिथं काही नव्हतं.

“सुरेख झालाय.”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “मी तुमचा कागद न वाचताच...”

“माहितेय. तुमची मान खाली होती तेव्हा मी बघत होते तुमच्याकडं. एकच ओळ वाचलीत.” तिचा आवाज चढला नव्हता. “वाचून नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. न वाचणाऱ्याशी काय भांडायचं?”

“आता वाचलाय.”

“हो.”

“मग?”

तिनं कागदाची घडी घातली, माझ्याच घडीवरून.

“तो कागद लिहायला मला पंधरा दिवस लागले होते. दुसऱ्यांदा कुणाला द्यायला लागलं म्हणजे काय द्यायचं ते शोधावं लागतं. परत तेवढं शोधायचं बळ नाही माझ्यात. आणि आता कागदाची गरजपण नाही. मशीन माझं, खोली माझ्या नावावर भाड्याची, आत्या माझी. सगळं लिहून देणारी मीच, लिहून घेणारी मीच.”

तिनं कागद माझ्या हातात ठेवला.

मी उठायला लागलो.

“जेवून जा,” ती म्हणाली. “चारशिवाय गाडी नाही.”

आत पाट मांडला. ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा, हिरव्या मिरचीचा खर्डा, वाटीत दही. भाकरी नुकती तव्यावरून उतरलेली होती. पाण्याचा तांब्या भरून ठेवला, मीठ आहे का बघितलं. मग ती सरळ उभी राहिली. क्षणभर मला वाटलं, बसेल.

ती बाहेर गेली. मशीन सुरू झालं.

क्लासला अजून अर्धा तास होता. मी पहिला घास घेतला. मशीनचा आवाज एकसारखा येत होता, मध्ये थांबत नव्हता.

“शालन,” आत्या बाजेवरून ओरडल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं मोठ्यानं बोलायच्या. “आगं, पाव्हणा एकटा जेवतोय की! बस जाऊन त्याच्यापाशी!”

मशीन चालूच राहिलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ताटात काही टाकलं नाही. खर्डा तिखट होता, डोळ्यांतून पाणी आलं, तेही बरंच झालं. ताट मोरीत नेऊन विसळून ठेवलं. तेवढा सगळा वेळ तो आवाज माझ्या सोबत होता.

बाहेर आलो तेव्हा ती खाली मान घालून मशीनला पाय मारत होती. मी चपला घालताना सहज बघितलं. सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोरासुद्धा ओवलेला नव्हता.

“येतो,” मी म्हणालो.

“या,” ती म्हणाली. पाय थांबवले नाहीत.

रस्त्याला लागलो. कोपऱ्यापर्यंत ते मशीन ऐकू येत होतं.

याला आता पंचवीस वर्षं झाली. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, माझ्या शेडच्या जागी झेरॉक्सचं दुकान झालं. अजूनही कुणी लग्न ठरलेली पोरं सल्ला विचारायला घरी येतात. मी त्यांना म्हणतो, एकमेकांना काय देणार ते लिहा, काय घेणार ते आपोआप कळतं. लिहून झालं की एकमेकांचं पूर्ण वाचा. त्यांना ते म्हाताऱ्याचं काहीतरी वाटतं.

जेवताना मी रेडिओ लावतो. आणि ते रिकामं मशीन मला ऐकू येतं. इतकी वर्षं मी ते नकारच समजून चाललो होतो. ताटापाशी बसली नाही, एवढंच धरलं. पण मला मागं कुणीतरी बोलत असावं लागतं, हे जगात फक्त तिला सांगितलं होतं मी. ती अर्धा तास दोऱ्याशिवाय पाय मारत होती. दारात उभं राहून मी विचारायला हवं होतं, हे कशासाठी. चारची गाडी होती, दोनच वाजले होते, भरपूर वेळ होता.

त्या दिवशीही मी पहिलीच ओळ वाचून निघालो.